हात बसेपर्यंत

तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ आहात असं धरून चाला. एम.एस. होऊन काही वर्षं झाली आहेत. सिझेरियनला हात आपोआप चालतात, दुर्बिणीची ऑपरेशनंही तुम्ही करता. आता रुग्णालयाने रोबोट घेतला आहे आणि पुढच्या महिन्यापासून तुमचं प्रशिक्षण सुरू व्हायचं आहे. त्याआधी थोडं मागे जाऊन यायचं आहे. सामान काही लागणार नाही, मन तेवढं घट्ट ठेवा.

डिसेंबर 1809. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं डॅनव्हिल हे छोटं गाव. परंपरा सांगते की हा नाताळचा दिवस आहे. डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांच्या घरातल्या टेबलावर जेन टॉड क्रॉफर्ड नावाची बाई आडवी झाली आहे. वय 46. दिवस भरून गेले तरी बाळंत होत नाही म्हणून मॅकडॉवेलना तिच्या घरी बोलावलं होतं. त्यांनी तपासून सांगितलं की हे मूल नाही, बीजांडकोशाची गाठ आहे. काढता येईल असं मला वाटतं, पण आजवर कुणी काढलेली नाही, तयारी असेल तर डॅनव्हिलला या. बाई साठ मैल घोड्यावरून आली, पोटाचा भार खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवत.

भूल नाही. ईथर यायला अजून 37 वर्षं आहेत. बाई मोठ्याने बायबलमधली स्तोत्रं म्हणते आहे. तुमची नजर तिच्या चेहऱ्याकडे जाईल, पण ती मॅकडॉवेलच्या हातांवर ठेवा. आपण त्यासाठी आलो आहोत. पोट उघडल्याबरोबर आतडी बाहेर टेबलावर सरकतात आणि काम संपेपर्यंत आत जात नाहीत. पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंहून जास्त वजनाची गाठ बाहेर येते. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला जातात तर बाई स्वतःचं अंथरूण आवरते आहे. पुढे ती 78 वर्षांपर्यंत जगली.

या हातांना हे काम कुणी शिकवलं? एडिंबरात जॉन बेल यांची व्याख्यानं मॅकडॉवेलनी ऐकली होती, प्रेतं फाडून शरीररचना पाहिली होती. पण जिवंत बाईच्या पोटातून गाठ काढताना त्यांनी कुणाला पाहिलेलं नव्हतं. पहिला धडा आणि अंतिम परीक्षा एकाच टेबलावर, एकाच दिवशी झाली. क्रॉफर्डबाई वाचल्या हे त्यांचं धैर्य, मॅकडॉवेलचं कौशल्य आणि बरंचसं नशीब. 1817 साली मॅकडॉवेलनी तीन रुग्णांची हकिकत छापली. त्यातल्या क्रॉफर्डबाई सोडल्या तर उरलेल्या दोघी कृष्णवर्णीय होत्या. हे लक्षात ठेवून दक्षिणेला चला.

1840 च्या दशकाचा उत्तरार्ध, अलाबामातलं माँटगोमेरी. जे. मॅरियन सिम्स यांच्या घरामागच्या आवारात एक लहानसं रुग्णालय आहे. इथल्या रुग्ण गुलाम स्त्रिया आहेत. अनार्चा, बेट्सी आणि लुसी या तिघींची नावं आपल्यापर्यंत पोचली, बाकीच्यांची पोचली नाहीत. बाळंतपण दिवसचे दिवस अडलं की बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनी यांच्यामधली भिंत सडते, तिला भोक पडतं आणि लघवी अखंड झिरपत राहते. हे भोक शिवायचं कसं, ते सिम्स इथे शिकताहेत. संमती मालकाची.

लुसीचं ऑपरेशन चालू असताना तुम्ही डॉक्टरांच्या घोळक्यात उभे आहात. डझनभर तरी आहेत, सगळे बघायला आलेले. ती गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवी आहे. तास होत आला. नंतर तिला जंतुसंसर्ग होऊन ती मरणाच्या दारात जाऊन येईल. 1846 साली बोस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तरी इथे ते वापरलं गेलं नाही. अनार्चावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. तिसाव्या वेळी, 1849 मध्ये, चांदीच्या तारेचे टाके धरले आणि सिम्स जगप्रसिद्ध झाले. योनीतपासणीचं त्यांच्या नावाचं उपकरण आजही तुमच्या ट्रेमध्ये असतं.

अपयश बघून कंटाळलेल्या गावातल्या डॉक्टरांनी मदतीला येणं थांबवलं, तेव्हा सिम्सनी या स्त्रियांनाच सहायक म्हणून तयार केलं. एकीवर ऑपरेशन चाले तेव्हा दुसऱ्या तिला धरून ठेवत, हत्यारं देत. म्हणजे या दालनात केवळ सिम्सच शस्त्रक्रिया शिकत नव्हते. त्यांचं शिकणं ग्रंथांत गेलं आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ त्यांचा पुतळा उभा राहिला. तो 2018 साली हलवण्यात आला. तिघींचं स्मारक माँटगोमेरीत उभं राहायला 2021 उजाडलं.

सिम्स चांगले की वाईट हा वाद इथे सोडवायचा नाही, माझं मत वरच्या ओळींवरून कळलं असेल. तुम्हाला इथे आणलं ते हिशेबासाठी. हात बसायला चुका लागतात. चुका कुणाच्या तरी अंगावर पडतात. कुणाच्या, हे त्या त्या काळातला समाज ठरवतो. पुढचा सगळा प्रवास हा हिशेब कसा बदलत गेला, किंवा कुठे बदलला नाही, ते बघण्यासाठी आहे.

आता 1980 च्या दशकातलं कील, पश्चिम जर्मनी. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या विद्यापीठाच्या स्त्रीरोग विभागात कुर्ट सेम यांचं राज्य आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड नेमक्या दाबाने भरणारं यंत्र त्यांनी बनवलं, दुर्बिणीतून गाठ मारायच्या युक्त्या शोधल्या. 1970 च्या दशकात सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूची तपासणी करून घ्यायचा सल्ला दिला होता, कारण असलं काही सुचणाऱ्या माणसाच्या डोक्यात बिघाड असणारच. एका व्याख्यानात त्यांच्या प्रोजेक्टरची वायरच काढली गेली. 1980 मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा एका स्त्रीरोगतज्ज्ञाने सर्जनांच्या हद्दीत पाय ठेवला म्हणून त्यांना निलंबित करण्याची मागणी झाली.

तुम्ही मात्र त्या कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघा. सेम यांनी सरावासाठी बनवलेला हा ‘पेल्व्ही-ट्रेनर’. आत प्राण्याचा अवयव ठेवलाय, वरच्या भोकांतून लांब हत्यारं आत जातात. चिमटा धरा. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, मूठ खाली दाबली की टोक वर उठतं. पोटाच्या भिंतीतलं भोक हा टेकू होतो, त्यामुळे सगळं उलट. खोली कळत नाही, सुई धाग्यासकट हातातून निसटते. घाम फुटतो. पण रक्त कुणाचंच सांडत नाही, हा या खोक्यातला खरा शोध.

मराठी वाचकाला इथे सुश्रुत आठवणारच, आणि आठवावाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय या सरावासाठीच आहे. छेद घ्यायचा तो कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालायचे ते कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाएवढ्या बाहुल्यावर. सगळं शास्त्र वाचलं तरी असा सराव न केलेल्याला प्रत्यक्ष कामाचा अधिकार नाही, असं तिथे बजावलं आहे. छाती मात्र फार फुगवू नका. हे लिहिलेलं असूनही आपल्याकडच्या कित्येक शल्यचिकित्सकांच्या पिढ्या थेट माणसांवरच शिकल्या, सरकारी रुग्णालयातल्या गरिबांवर जास्त.

आता पुन्हा अमेरिका, आणि रोबोट. क्लीव्हलंडला फार थांबायला नको. 1998 मध्ये तिथे ‘झ्यूस’ नावाच्या यंत्राने, कापलेल्या गर्भनलिका पुन्हा जोडण्याचं काम झालं. तोवर कॅलिफोर्नियात दुसरं यंत्र आकाराला येत होतं. त्याची मुळं अमेरिकी लष्कराच्या पैशावर झालेल्या संशोधनात आहेत. सर्जन मागे सुरक्षित बसेल आणि जखमी सैनिकावर यांत्रिक हात काम करतील, अशी ती कल्पना. 1995 मध्ये ते यंत्र बनवणारी कंपनी स्थापन झाली, 2000 साली त्या ‘दा विंची’ यंत्राला अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली, आणि टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये या यंत्राने गर्भपिशवी काढलेल्या 11 स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. 2005 मध्ये स्त्रीरोगांसाठी स्वतंत्र परवानगी आली. रणांगणासाठी सुचलेल्या यंत्राचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुढे काही वर्षं गर्भाशय होतं.

आता 2008. वॉशिंग्टन राज्यातलं टॅकोमा. शिकण्याच्या आलेखाबद्दलचा एक निबंध या वर्षी प्रसिद्ध होतो. रोबोट नव्याने हातात घेतलेल्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांची 113 ऑपरेशनं, प्रत्येकाला किती वेळ लागला याची नोंद. सुरुवातीला वेळ भराभर उतरतो, मग हळूहळू, आणि पन्नासाव्या रुग्णाच्या आसपास दीड तासाच्या थोडं पुढे स्थिरावतो. ही आकृती वैद्यकाची नाही, विमानाच्या कारखान्याची आहे. 1936 साली टी. पी. राइट या अभियंत्याने दाखवलं होतं की विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागची मजुरी साधारण पाचव्या हिश्शाने घटते. फरक इतकाच की पहिलं विमान महाग पडलं तर कंपनी तोटा सोसते.

पन्नास हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. महिन्याला दोन पिशव्या काढणाऱ्या डॉक्टरला तिथे पोचायला दोन वर्षं लागतात, हा भागाकार फार कुणी केला नाही. आणि वेळ स्थिरावला म्हणजे काम आलं, हेही खरं नाही. यंत्र रुग्णाला जोडायचा वेळ पहिल्या काही दिवसांतच निम्म्यावर येऊ शकतो, ती टीमची सवय असते. मूत्राशय अलगद खाली उतरवणं, गर्भाशयाची रोहिणी बांधणं, योनीचं वरचं टोक शिवणं, ही कामं वेगळ्या गतीने येतात. पुढे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी वेळेऐवजी गुंतागुंती मोजल्या. त्यासाठी वापरलेली ‘कुसुम’ पद्धत 1954 साली ई. एस. पेज या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने कारखान्यातला माल तपासण्यासाठी काढली होती. काम बिघडलं की रेघ वर, नीट झालं की खाली, आणि ठरलेल्या सीमेखाली उतरली की हात बसला. त्या मोजणीत एका सर्जनला नव्वदीच्या आसपास ऑपरेशनं लागली. म्हणजे ‘किती केल्यावर येतं?’ या प्रश्नाचं उत्तर, ‘येतं’ कशाला म्हणायचं यावर आहे.

बाजार इतका वेळ थांबणार नव्हता. 2007 मध्ये अमेरिकेतल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी 0.5 टक्के रोबोटने होत होत्या, 2010 मध्ये 9.5 टक्के. त्या लाटेत तुम्ही आहात. कंपनीचा ऑनलाइन पाठ, मग एक-दोन दिवस प्रयोगशाळेत डुकरावर किंवा मृतदेहावर सराव, मग मार्गदर्शकाच्या नजरेखाली मोजकी ऑपरेशनं. झालं, परवाना हातात. किती ऑपरेशनं पुरेत हे प्रत्येक रुग्णालय आपापलं ठरवतंय, आणि बाहेर हमरस्त्यावर ‘आमच्याकडे रोबोट आहे’ असे फलक लागलेत. 2013 च्या फेब्रुवारीत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अडीच लाखांहून जास्त स्त्रियांची आकडेवारी मांडली. साध्या दुर्बिणीच्या तुलनेत रोबोटमुळे गुंतागुंती कमी झाल्या नव्हत्या, खर्च मात्र दर रुग्णामागे दोन हजार डॉलरहून अधिक वाढला होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स ब्रीडन यांनी जाहीर सांगितलं की रोबोट हा गर्भाशय काढण्याचा एकमेव किंवा सर्वोत्तम मार्ग नाही. धंद्याविरुद्ध बोलायला धंद्यातल्याच माणसाला तोंड उघडावं लागतं. ते त्यांनी उघडलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

त्याच दशकातलं, डॉक्टर घडवणारं एक रुग्णालय. या वेळी तुम्ही निवासी डॉक्टर आहात, आणि तुमच्या वाट्याला खोलीतली सगळ्यात त्रासदायक जागा आली आहे. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये वरिष्ठांना तुमच्यावाचून गत्यंतर नसे. चार हात लागतच. तुम्ही तासन्‌तास रिट्रॅक्टर धरून उभे राहायचात, पाठ मोडून यायची, पण बोटं रुग्णाच्या पोटात असायची. रक्त टिपता टिपता, एखादा टाका, मग दोन, असं करत काम तुमच्याकडे सरकायचं. रोबोटला मात्र एकच माणूस पुरतो. तिसरा हात हवा असेल तर तोही यंत्राचाच. वरिष्ठ रोबोट चालवायच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसलेत आणि तुम्ही पडद्यासमोर उभे आहात. चार तासांत तुमची पाळी दहा मिनिटं येते. त्या दहा मिनिटांतली प्रत्येक थरथर दहापट मोठी होऊन सगळ्यांना दिसते, आणि जरा अडखळलात की वरिष्ठ म्हणतात, ‘दे इकडे.’

मॅट बीन या अमेरिकी संशोधकाने ही परिस्थिती वर्षानुवर्षं रुग्णालयांत बसून पाहिली आणि 2019 मध्ये मांडली. बहुतेक शिकाऊ डॉक्टर परवान्यासह बाहेर पडत होते, पण काम न शिकता. मोजके शिकत होते, ते आडवाटेने. विद्यार्थिदशेपासूनच इतर विषय मागे टाकून रोबोटच्या मागे लागलेले, रात्री घरी बसून शस्त्रक्रियांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणारे, वरिष्ठांचं फारसं लक्ष नसताना अवघड कामाशी झटापट करणारे. या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. लक्ष नसताना, म्हणजे टेबलावरच्या रुग्णालाही माहीत नसताना. माँटगोमेरीपासून आपण बरंच अंतर आलो आहोत, तरी पुरेसं आलो आहोत असं म्हणायला माझी जीभ अडखळते.

2009 पासून दोन कन्सोलचं यंत्र आलं, तेव्हा यातून थोडी वाट निघाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तशीच ही सोय. दोघांना एकच चित्र दिसतं आणि कळ दाबली की हत्यारांचा ताबा इकडून तिकडे जातो. शिक्षकाला पडद्यावर बाण काढून दाखवता येतो की इथून काप, इथे नको. अर्थात कळ शिक्षकाच्या बोटाखाली असते. ती किती उशिरा दाबायची, हे त्याच्या स्वभावावर.

आता तुमचा स्वतःचा महिना. वर्तमानातल्या एका बऱ्या रुग्णालयात या, जिथे घाई नाही.

पहिले काही आठवडे रुग्ण नाही. कन्सोलला जोडलेल्या सिम्युलेटरवर बसा. कपाळ टेकवा, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र मिळतं आणि एकदम खोली उघडते. कीलच्या खोक्यात सगळं सपाट आणि उलटं होतं. इथे तुमचं मनगट वळलं की आतलं इवलं मनगट त्याच दिशेला वळतं, हाताचा कंप गाळला जातो, मोठी हालचाल लहान होऊन पोचते. पाच मिनिटांत वाटतं, हे तर सोपं आहे. प्रत्येकाला असं वाटतं आणि फसवणूक तिथूनच सुरू होते.

खुंट्यांवर कड्या टाका. वाकड्यातिकड्या तारेवरून कडी तारेला न लावता न्या. स्पंजमधून सुई ठरलेल्या ठिपक्यात घालून ठरलेल्या ठिपक्यातून काढा. कॅमेरा हलवायचा तर एका पेडलवर पाय, हात अवघडले की क्लचवर पाय, जाळण्याची ऊर्जा द्यायची तर आणखी वेगळं पेडल. चुकीचं पेडल दाबलंत तर सिम्युलेटर गुण कापतो, खऱ्या पोटात आतडं जळतं. गुणांची रेघ कुणी मनाने ठरवलेली नाही. अनुभवी सर्जनना याच कसरती करायला लावून त्यांची पातळी काढली आहे, आणि तिथे सलग पोचल्याशिवाय पुढे जायचं नाही. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या डॉक्टरांनी हे करून पाहिलं. ज्यांनी तज्ज्ञांची पातळी सिम्युलेटरवर गाठली, त्यांचं जिवंत रुग्णावरचं पहिलं रोबोटिक ऑपरेशन तज्ज्ञांच्या जवळपास जाणारं निघालं. अनेक संस्थांच्या तज्ज्ञांनी मिळून बनवलेला एक सामाईक अभ्यासक्रमही आहे. त्यात घुमटाच्या आकाराच्या एकाच साधनावर गाठी, कापणी, विच्छेदन सगळं करून दाखवावं लागतं. त्याच्याही पाठीशी अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा होता.

सर्वांत जास्त वेळ कशाला लागतो? स्पर्श नसण्याला. इतकी वर्षं तुमच्या बोटांनी तुम्हाला सांगितलंय की हे मऊ, हे कडक, हे ताणलं जातंय, आता फाटेल. बहुतेक यंत्रांत कन्सोलच्या मुठी मुक्या असतात. धागा ओढता ओढता तुटतो आणि तुम्हाला कळतं ते तुटल्यावर. हळूहळू डोळे ते काम उचलतात. ऊती फिकी पडली म्हणजे पकड जास्त झाली, धाग्याचे तंतू सुटायला लागले म्हणजे ओढ पुरे. हे शब्दांत शिकवता येत नाही, शेकडो टाक्यांनंतर एक दिवस लक्षात येतं की आपण हल्ली धागे तोडत नाही. 2024 मध्ये परवानगी मिळालेल्या नव्या दा विंचीच्या काही हत्यारांत ओढ जाणवण्याची सोय आली आहे. चांगलंच आहे. पण डोळ्यांची ही सवय लागलेली नसेल तर ज्या दिवशी ती सोय नसलेलं जुनं यंत्र वाट्याला येईल, त्या दिवशी काय?

यानंतरही कन्सोल नाही. रुग्णाशेजारी उभे राहा. डोक्याकडची बाजू पंचवीस-तीस अंश खाली झुकवलेली, म्हणजे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. रुग्ण टेबलावरून घसरू नये म्हणून काय करायचं, भूलतज्ज्ञाला त्या उताराचा कसला त्रास होतो, पोर्ट किती अंतरावर घातले म्हणजे यंत्राचे हात एकमेकांवर आपटत नाहीत, हे सगळं इथे कळतं. आणि रक्तस्राव झाला तर यंत्र किती सेकंदांत सोडवून बाजूला काढायचं, त्याची रंगीत तालीम. ही तालीम कंटाळवाणी असते. न केलेली टीम ओळखू येते.

मग तुकडे. आज फक्त गोल अस्थिबंध कापायचा. पुढच्या वेळी मूत्राशय खाली उतरवायचं. कुठे शेवटचे योनीचे टाके आधी देतात, कुठे सगळ्यात शेवटी. रोहिणीचा तुकडा मात्र बहुतेक शिक्षक हातचा राखून ठेवतात. गर्भाशयाची रोहिणी ओलांडते तिथे तिच्याखालून मूत्रवाहिनी जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. आधीची सिझेरियन असतील, चिकटलेलं असेल, तर त्याहून जवळ. ती दिसल्याशिवाय जाळायचं नाही, हा नियम आजवर कोणत्याही यंत्राने बदललेला नाही. तुमचं प्रत्येक तुकड्याचं चित्रीकरण होतं. खोलीचं भान, दोन्ही हातांचा मेळ, काटकसर, जोर, स्वावलंबन आणि यंत्रावरची हुकमत अशा सहा कलमांवर प्रत्येकी पाचपैकी गुण पडतात. आपलं स्वतःचं चित्रीकरण बघणं अंगावर येतं. बघाच.

एक मुक्काम राहिला. 2018 चा नोव्हेंबर, आणि हातात ‘न्यू इंग्लंड जर्नल’चा अंक. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया उघडून करावी की दुर्बिणीने वा रोबोटने, याची अनेक देशांत झालेली चाचणी. पुण्यातल्या सर्जननी दुर्बिणीतून करायच्या याच शस्त्रक्रियेची आपली पद्धत 2007 मध्ये 248 रुग्णांच्या अनुभवासह मांडली होती आणि ‘पुणे टेक्निक’ हे नाव जगभरच्या निबंधांत पोचलं होतं, म्हणून आपल्याकडेही हा निकाल श्वास रोखून वाचला गेला. साडेचार वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्या स्त्रिया, उघडून केलेल्या गटात 96.5 टक्के, कमी छेदाच्या गटात 86 टक्के. मृत्यूही दुसऱ्या गटात जास्त. चाचणीत शस्त्रक्रिया करणारे सर्जन नवशिके नव्हते. निकाल असा का लागला यावर वाद झाले, पण या आजारासाठी बहुतेक मार्गदर्शक सूचना पुन्हा पोट उघडण्याकडे वळल्या. हात कितीही बसलेला असला तरी कोणत्या रुग्णासाठी तो बाजूला ठेवायचा, हे सिम्युलेटरवर येत नाही. त्याला अशा चाचण्या लागतात, आणि चाचणीत सहभागी झालेल्या स्त्रिया लागतात. या वेळी निदान त्यांची सही घेतलेली होती.

स्त्रीरोगतज्ज्ञाचा कोट आता काढून ठेवा. ओपीडीतल्या टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसा, शेजारी आई, बहीण किंवा बायको, आणि समोरचे डॉक्टर सांगताहेत की पिशवी रोबोटने काढू. विचारा: हेच ऑपरेशन गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः किती केलंत? योनिमार्गाने किंवा साध्या दुर्बिणीने का नको? कन्सोलवर कोणता भाग कोण करणार, शिकाऊ डॉक्टर असतील तर शेजारी कोण बसणार? ऐन वेळी पोट उघडावं लागलं तर ते करणारा माणूस त्या खोलीत असेल का? शिकणाऱ्याला नकार द्यायची गरज नाही, प्रत्येक चांगला सर्जन कधीतरी कुणाच्या तरी पोटावर पहिलं ऑपरेशन करतोच. पण ते आपल्याला सांगून व्हावं. उत्तर आकड्यात मागा, आणि प्रश्नाचा राग आला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.